तीन दिवस पुरे!

गेल्या जूनमध्ये आमच्या सौ.ची मामेबहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं असे चौघं पुण्याहून आमच्याकडे सिंगापूरला आले होते. चार रात्री, पाच दिवस. आपण इथली मंडळी या कामात किती तरबेज झालो आहोत, हे तुम्हाला सांगायला नको. पाहुण्यांचं विमान चांगीला टेकायच्या आत आपलं वेळापत्रक तयार असतं. पहिल्या दिवशी मर्लायन आणि मरिना बे, दुसऱ्या दिवशी सेंटोसा, तिसऱ्या दिवशी युनिव्हर्सल स्टुडिओ, चौथ्या दिवशी सकाळी बर्ड पॅराडाइज आणि रात्री नाइट सफारी, शिवाय मधल्या कुठल्या तरी संध्याकाळी मुस्तफा. मुस्तफातून आणलेल्या चॉकलेटांचं वजन आपल्याच वजनकाट्यावर होतं, हेही ठरलेलं.

शेवटच्या रात्री जेवणं आटोपल्यावर आंबापोळीचा तुकडा तोंडात टाकत मेव्हणीबाई म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं सिंगापूर छान आहे हो. स्वच्छ, शिस्तीचं. पण खरं सांगू? तीन दिवस पुरे. सगळं मेलं रंगवून ठेवल्यासारखं. ना ऋतू, ना इतिहास, ना जीव!"

आता यावर मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "अगदी बरोबर!" एवढंच म्हणून थांबलो नाही. "आपल्या मुंबईची मजा इथे नाही," हे माझं नेहमीचं पुरवणी वाक्यही जोडलं. २००१ साली इथे आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं आहे की, ते म्हणताना मला विचार करावा लागत नाही.

आमचे चिरंजीव समोरच फोनमध्ये डोकं घालून बसले होते. वय एकवीस. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "बाबा, तू चोवीस वर्षं इथे आहेस. पण तू तरी तीन दिवसांच्या पलीकडे कुठे गेलास?"

टेबलावर शांतता पसरली. सौ.ने घाईघाईने सगळ्यांना आणखी श्रीखंड वाढायला घेतलं. मला राग आला, आणि पाहुण्यांसमोर बोलता येत नाही म्हणून जास्तच आला. पण पाहुणे गेले, दोन-तीन आठवडे गेले, आणि माझ्या लक्षात आलं की मला राग त्याच्या बोलण्याचा नव्हे, त्यातल्या खरेपणाचा आला होता. हा लेख त्या रागातूनच लिहितो आहे. फक्त त्याचा रोख आता माझ्यावर आहे आणि, माफ करा मंडळी, तुमच्यावरही आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. हे शहर तीन दिवसांत संपतं असं पाहुणे म्हणतात, कारण आपणच त्यांना तसं दाखवतो. आणि तसं दाखवतो, कारण आपल्यालाही तेवढंच माहीत आहे. आपल्यापैकी बरेच जण इथे राहत नाहीत. लांबलेल्या मुक्कामावर आहेत.

त्या मर्लायनपासूनच सुरुवात करू. सिंहाचं तोंड आणि माशाचं शेपूट असलेला हा प्राणी कुठल्या दंतकथेतून आलेला नाही. १९६४ साली पर्यटन मंडळाचं बोधचिन्ह म्हणून तो तयार केला गेला आणि त्याचा पुतळा नदीच्या मुखाशी उभा राहिला तो १९७२ साली. म्हणजे तो जन्मालाच आला पाहुण्यांसाठी! पुढे नवा पूल झाला आणि पुतळा झाकला गेला, म्हणून २००२ साली त्याला उचलून थोडं पलीकडे नेऊन ठेवलं. आता तो ज्या पाण्यात गुळणी टाकतो तो समुद्र आहे असं आपले पाहुणे समजतात, आणि आपणही त्यांना तसंच समजू देतो. २००८ साली मरिना बॅरेज झालं आणि तिथलं पाणी समुद्रापासून तोडलं गेलं. आज तो गोड्या पाण्याचा जलाशय आहे, आणि त्यातलं पाणी शुद्ध होऊन आपल्या नळाला येतं. मर्लायनसमोर उभं राहून मी शंभर तरी फोटो काढले असतील. आपण पितो त्या पाण्यापाशी उभे आहोत हे मी एकाही पाहुण्याला सांगितलं नाही. कारण मला ते माहीतच नव्हतं. चिरंजीवांना मात्र शाळेत असताना सहलीला तिथे नेलं होतं.

आता ऋतूंचं बघू. "इथे काय, बारा महिने उन्हाळा आणि रोज पाऊस!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने भारतात फोनवर सांगितलेलं आहे. मीही. आणि सांगताना आपण कुठे बसलेले असतो? एसीत. घरातल्या एसीतून गाडीच्या एसीत, तिथून ऑफिसच्या, तिथून मॉलच्या. एका एसीतून दुसऱ्या एसीत जाताना मधे जो ओला उकाडा लागतो, त्याला आपण सिंगापूर म्हणतो! विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवरच्या शहरात चोवीस वर्षं काढून माझ्या कपाटात तीन स्वेटर आहेत. तिन्ही ऑफिसात घालायचे.

२०१३ साली जानेवारीअखेरीस माझे वडील, अण्णा, दोन महिने आमच्याकडे येऊन राहिले. रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळा जन्म दादरला गेलेला, मूळ गाव मालवणजवळचं. त्यांना एसीत झोप येत नसे. पहाटे पाचला उठून ते पायी फिरायला जात. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ते सकाळी परत आले ते ओंजळ मिटून. टेबलावर ओंजळ उघडली, तर बकुळीची फुलं! "तुमच्या बसस्टॉपमागे बकुळीची चार झाडं आहेत. तू कधी सांगितलं नाहीस?" मी काय सांगणार? बारा वर्षं मी त्या बसस्टॉपवरून गाडीने जात होतो.

त्या झाडांखाली त्यांची ओळख झाली आमच्याच ब्लॉकमधल्या तळमजल्यावरच्या एका मलाय आजोबांशी. या दोघांमध्ये समाईक भाषा म्हणजे इंग्रजीचे साठ-सत्तर शब्द. पण तेवढ्यावर त्यांचं मस्त चाललं होतं. बकुळीला मलायमध्ये 'बुंगा तांजोंग' म्हणतात, हे अण्णांनी मला सांगितलं. चाफ्याला 'चंपाका', भाषेला 'बहासा', मुलाला 'पुत्रा'. 'सिंगापुरा' हे नाव तर आपलंच. एक दिवस त्या आजोबांनी पिशवीभर बिलिंब्या पाठवल्या. त्या बघून अण्णांचे डोळे लकाकले. त्यांच्या आईच्या हातच्या माशांच्या आमटीत बिलिंबं असायची. मलायमध्ये याला 'बलिंबिंग' म्हणतात! त्या आठवड्यात आमच्याकडे बांगड्याची आमटी बिलिंबं घालून झाली, आणि एक वाटी तळमजल्यावर गेली. तोपर्यंत त्या घरात आमच्याकडून दिवाळीचा बंद डबा सोडून काही गेलं नव्हतं.

ऋतू नाहीत? अण्णांनी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मला सांगितलं, "पाऊस आटोपला रे तुमचा. देशी बदामाची पानं लाल व्हायला लागली." मी खिडकीतून पाहिलं. खरंच होतं. ईशान्य मोसमी वारे डिसेंबरात पाऊस आणतात, जानेवारीअखेर तो ओसरतो, फेब्रुवारी त्यातल्या त्यात कोरडा जातो. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचे वारे असतात. नाव ओळखीचं वाटतं ना? त्या काळात पहाटे पहाटे सुमात्राच्या बाजूने वादळी सरी येतात, तास-दोन तास झोडपून जातात. कोरड्या दिवसांनंतर पाऊस पडला की रस्त्याकडेची आंगसानाची झाडं पिवळी धमक फुलतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळा सडा खाली. ही आंगसाना म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या बिबल्याची सख्खी भावंडं. मे महिन्यात संध्याकाळी अवचित गोड वास येतो तो टेंबुसूचा. ज्या पाच डॉलरच्या नोटेवर आपण रोज बोटं फिरवत होतो, तिच्यावर त्याच टेंबुसूचं चित्र आहे. इथे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या जवळपास. फक्त मुंबई तो चार महिन्यांत उरकते आणि सिंगापूर तो वर्षातल्या सुमारे १७० दिवसांवर पसरतं. ऋतू आहेत. ते मुंबईसारखे ढोल वाजवत येत नाहीत, एवढंच. त्यांच्यासाठी काच खाली करावी लागते.

आणि समुद्र! अण्णा चार-पाच वेळा नातवाला घेऊन बसने ईस्ट कोस्टला गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "आज भरती किती वाजता?" मी म्हटलं, "अण्णा, इथे तसं काही नसतं." आता बघा, बेटावर राहणारा माणूस म्हणतो इथे भरती नसते! त्यांनी नऊ वर्षांच्या नातवाला कोकणातलं गणित शिकवलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. मग ते दोघं किनाऱ्यावर बसून, ते गणित इथे कितपत जमतं आणि किती चुकतं, हे वहीत लिहीत. ती वही अजून आमच्याकडे आहे. अण्णा २०१६ साली गेले.

अण्णा पाहुणेच होते. दोन महिन्यांचे पाहुणे. तरीही ते इथे राहिले, आणि मी चोवीस वर्षं पाहुणा राहिलो. म्हणून मी म्हणतो, प्रश्न पासपोर्टचा नाही आणि किती वर्षं काढली याचाही नाही.

"इतिहास नाही" हा तिसरा आरोप. इथे येणाऱ्या आपल्या प्रत्येक पाहुण्याचा डोबी घाट स्टेशनशी एकदा तरी संबंध येतो, आणि प्रत्येक जण ते नाव वाचून हसतो. हसून पुढे जातो. तिथे खरोखरच भारतातून आलेले धोबी ओढ्याच्या पाण्यात कपडे धूत होते. त्याच भागात सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल आहे. ते पांढरंशुभ्र देऊळ, म्हणजे चर्च, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भारतातून आणलेल्या कैद्यांनी बांधलं. शिंपल्यांचा चुना, अंड्यातलं पांढरं आणि साखर कालवून, त्यात नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घालून भिंतींचा गिलावा केला. १८२५ पासून जवळजवळ पन्नास वर्षं हे कैदी इथे होते. रस्ते, पूल, आजचं राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान, सगळं त्यांच्या हातचं. त्यांत बंगाल आणि मद्रासबरोबर मुंबई इलाख्यातून पाठवलेलेही होते. म्हणजे आय.टी.च्या लाटेत आपणच पहिले इकडे आलो हा आपला समज थोडा आवरता घ्यावा लागेल. आपल्या आधी आपल्या भागातली माणसं पायात बेड्या घालून इथे आलेली आहेत आणि आपण ज्या रस्त्यांवरून फिरतो ते त्यांनी केलेले आहेत. तिथून चालत थोड्या अंतरावर, एस्प्लनेडच्या बागेत, आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा दाखवणारी खूण आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली ती याच शहरात, आणि दुसऱ्याच दिवशी ज्या स्त्रियांच्या पलटणीचं शिबिर इथे सुरू झालं, तिला नाव होतं झाशीच्या राणीचं. मर्लायनपासून ही जागा पायी जाण्याच्या अंतरावर. आपण पाहुण्यांना तिथे नेतो का?

इथवर जे सांगितलं ते न पाहण्याचं पाप. त्यात नुकसान आपलंच. पण पाहुणेपणाचं दुसरं एक पाप आहे, त्यात नुकसान दुसऱ्यांचं होतं. पाहुणा यजमानाच्या घरातल्या भानगडीत पडत नाही. तो "आपल्याला काय करायचंय" म्हणतो आणि ताट पुढे ओढतो.

आपल्या बहुतेक घरांत कामाला हेल्पर आहे. कोणी फिलिपिन्सची, कोणी इंडोनेशियाची, कोणी म्यानमारची. आठवड्याची सुट्टी त्यांना कायद्याने मिळाली ती २०१३ साली, आणि तीही पैसे देऊन विकत घेता येत होती. २०२३ पासून महिन्यातली किमान एक सुट्टी पैसे देऊन रद्द करता येत नाही. हा नियम आला तेव्हा आपल्या गप्पांत काय चर्चा झाली ते आठवून पाहा. "मग आमच्याकडे रविवारी पाहुणे आले तर?" हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. आमच्याकडे अकरा वर्षं राहिलेल्या बाईंच्या गावाचं नाव मला ती कायमची परत निघाली, त्या दिवशी तिच्या बॅगेवरच्या चिठ्ठीवरून कळलं. हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

तसंच २०२०. एप्रिलमध्ये सगळं बंद झालं आणि कामगारांच्या वसाहतींतून कोविडचे आकडे यायला लागले. जवळपास तीन लाख माणसं त्या वसाहतींत एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. त्यांत बांगलादेशी होते, तमिळ होते. आपण राहतो ती घरं, आपण ज्यातून जातो ते बोगदे, त्यांनीच बांधले. त्यातली एक वसाहत आमच्या घरापासून चार किलोमीटरवर होती, हे मला बातम्यांतल्या नकाशावरून समजलं. मी देणगी पाठवली आणि पावतीचा फोटो ग्रुपवर टाकला. त्या वसाहतीवरून आजवर गेलो नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण मीच ते वर्षानुवर्षं घेत आलो.

पहिला आक्षेप: "आमचा पासच दोन-तीन वर्षांचा. नोकरी गेली की गाशा गुंडाळायचा. मुळं कशाला रोवायची?" यात तथ्य आहे, आणि ज्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार आहे त्यांना उपदेश करणारा मी कोण? पण मुंबईत अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा माणूससुद्धा नळाला पाणी कमी आलं तर वॉर्ड ऑफिसात जाऊन भांडतो. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी गोळा करतो. कुठल्या झाडाखाली गाडी लावली की चिकट होते, हे त्याला माहीत असतं. करार अकरा महिन्यांचा असतो, राहणं मात्र पूर्ण असतं.

दुसरा आक्षेप: "आपण इथले झालो तर आपलं मराठीपण जाईल." मला अगदी उलट वाटतं. इथल्या शाळांत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू शिकता येतात. मराठी नाही. म्हणजे आपली भाषा टिकवायची तर ती घरातच टिकवायची. आणि घरात आपण ती कशासाठी वापरतो? तिकडच्या आठवणींसाठी. वडापाव, लोकल, पहिला पाऊस, गणपतीची मिरवणूक. ज्या पोरांनी यातलं काहीच जगलेलं नाही, त्यांच्यासाठी ती दुसऱ्याच कोणाच्या अल्बमची भाषा होते. आमच्या चिरंजीवांचं मराठी बरं आहे. पण त्याच्या तोंडी सहज येणारे शब्द कुठले, तर बकुळ, बिलिंबं, उधाण, भांग, ओहोटी. जे शब्द त्याच्या आजोबांनी या बेटावरच्या वस्तूंना लावून दिले, तेवढे चिकटले. मी सुटीत मुंबईला नेऊन शिकवलेले सगळे गळाले.

तिसरा आक्षेप नाजूक आहे, पण टाळत नाही. पी.आर. आईबापांच्या मुलांना इथे दोन वर्षं राष्ट्रीय सेवा करावी लागते. "पोराची दोन वर्षं वाया" हे वाक्य आमच्याकडे पुण्याहून, मुंबईहून, आणि इथल्याच निम्म्या मित्रांकडून आलं. प्रत्येक घराचा निर्णय वेगळा असतो, आणि मुलाला बाहेर पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. आम्हीही सहा महिने भांडलो. पण 'वाया' हा शब्द मला आता चालत नाही. पंचवीस वर्षं या गावच्या सुरक्षित रस्त्यांवरून रात्री बारा वाजता बायकामुलांनी निर्धास्त यावं, आणि ती सुरक्षितता मात्र शेजारच्या मलाय आणि चिनी घरांतल्या पोरांनी सांभाळावी, ही पाहुण्याची अपेक्षा झाली. घरच्या माणसाची नव्हे.

२०२३ च्या सुरुवातीला आम्ही त्याला पोचवायला टेकाँग बेटावर गेलो. पहिल्या दिवशी आईबापांना बरोबर नेतात, बराकी दाखवतात, मुलांबरोबर जेवू घालतात आणि मग बोटीने परत पाठवतात. परतीच्या बोटीत सौ. डोळे पुसत होती. मी बाहेर बघत होतो. तेव्हा मला कळलं की, बावीस वर्षांत हे शहर मी समुद्रावरून कधी पाहिलंच नव्हतं. विमानातून पाहिलं होतं, एकाहून एक उंच गच्च्यांवरून पाहिलं होतं. पण कोकणातला माणूस मी, होडीतून किनारा पाहिला नव्हता! शेजारी माझ्याच वयाचे एक चिनी गृहस्थ होते. त्यांचाही मुलगा त्याच दिवशी भरती झाला होता. उबिन बेटाच्या टोकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ते चेक जावा." २००१ साली तिथे भर घालायचं ठरलं होतं. हे गृहस्थ बायकोला घेऊन, ओहोटीला, शेवटचं म्हणून बघायला गेले होते. त्यांच्यासारखी हजारो माणसं गेली. चिखलातले तारामासे, समुद्री गवत बघून आली, सरकारला पत्रं लिहिली, आणि वर्षअखेरीस भर घालणं पुढे ढकललं गेलं. ते अजून झालेलं नाही. मी २००१ साली कुठे होतो? इथेच. सेंटोसाला.

हे मी जुन्या आठवणी म्हणून सांगत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी सुमारे ५८० चौरस किलोमीटर असलेलं हे बेट भर घालून आज ७३० च्या वर गेलेलं आहे. एके काळी समुद्राला लागून असलेला बीच रोड आता शहराच्या पोटात आहे. अण्णा ज्या ईस्ट कोस्टला वाळूत बसले, ती जमीनसुद्धा भरावाचीच. बेटाचा जवळजवळ तीस टक्के भाग समुद्रसपाटीपासून पाच मीटरहून कमी उंचीवर आहे, आणि समुद्र चढतो आहे. म्हणून त्याच ईस्ट कोस्टसमोर 'लाँग आयलंड' नावाची नवी जमीन उभारायची योजना २०२३ साली जाहीर झाली. सुमारे ८०० हेक्टर. त्यावर लोकांची मतं मागवली जातात, सभा होतात. तिथे कोळी बोलतात, सायकलवाले बोलतात, शाळकरी मुलं बोलतात. तिथे आपण हवेत, आणि नुसत्या घरांच्या किमती वाढतील का एवढंच विचारायला नकोत. मुंबईच्या किनाऱ्याचं काय झालं यावर तासन्‌तास बोलणारे आपण, आपल्या दारातल्या किनाऱ्याबद्दल एक वाक्य बोलू शकू का?

मी कोणालाही नागरिकत्व घ्या असं म्हणत नाही. मुंबई विसरा, असं तर मुळीच नाही. मागणी फार लहान आहे. आठवड्यातून एक दिवस एसी बंद करून खिडकी उघडा. शेजारच्या घरी दिवाळीचा डबा पाठवता, तशी एकदा साध्या दिवसाची आमटी पाठवा. घरातल्या बाईला तिच्या गावाचं नाव विचारा. चांगी पॉइंटच्या धक्क्यावर जा; बारा उतारू जमले की उबिनची होडी सुटते, त्या बारांत एक तुम्ही असा. दर अमावास्येच्या पुढच्या रविवारी, ओहोटीची वेळ बघून, मी आणि चिरंजीव चांगीच्या किनाऱ्यावर असतो. अण्णांची वही बरोबर असते. येणाऱ्याचं स्वागत आहे. जुने बूट घालून या.

मेव्हणीबाई डिसेंबरात पुन्हा यायचं म्हणताहेत. या वेळी वेळापत्रक चिरंजीव करणार आहेत. त्यात मर्लायन आहे, पण पाचव्या दिवशी. मुस्तफा मात्र आहे. ते काही कोणाला टाळता येत नाही.